सेरेब्रल पाल्सी: एका दीर्घ शोधाची हकीकत



सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगून आजच्या विषयास आरंभ करतों. जून महिना होता. नव्या मुलांचीं नांवें पटावर घेण्याचें काम त्या वर्षीं माझ्याकडे होतें. दुपारीं एक बाई सात वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मुलाची मान स्थिर राहत नव्हती, हात आपोआप वळत होते, तोंडांतून लाळ गळत होती. "मास्तर, ह्याला पंधरापर्यंत पाढे येतात. बोलणें बोबडें आहे, पण मला समजतें," असें ती म्हणाली. मीं पाढे विचारलेच नाहींत. "बाई, ही शाळा ह्याच्यासाठीं नव्हे," एवढें सांगून तिला परत पाठविलें. दारापाशीं थांबून तिनें विचारलें, "माझ्याच हातून कांहीं चुकलें असेल का हो?" मी गप्प राहिलों.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु नोकरींतून मोकळा झाल्यावर, त्या बाईच्या प्रश्नाला वैद्यकशास्त्रानें काय उत्तर दिलें आहे तें शोधण्याचा नाद मला लागला. त्या वाचनाचें सार आज आपणांपुढें ठेवीत आहें.

त्या मुलाला जो विकार होता त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असें म्हणतात. वाढत्या कोवळ्या मेंदूला इजा पोहोंचली, किंवा त्याची घडणच बिघडली, तर हालचालीवरचा ताबा सुटतो. कोणाचे स्नायू ताठर होतात, कोणाचे हातपाय मनाविरुद्ध हलतात, कोणाचा तोल राहत नाहीं. मेंदूंतील मूळची इजा पुढें वाढत नाहीं, परंतु तिचे परिणाम जन्मभर राहतात. संपन्न देशांत आज हजार जिवंत जन्मांमागें दीड ते दोन मुलांना हा विकार होतो. २०१२ सालीं अनेक देशांतील माहिती एकत्र करून असा हिशेब काढण्यांत आला कीं, अशा तिघांपैकीं एकाला चालतां येत नाहीं आणि चौघांपैकीं एकाला बोलतां येत नाहीं. बुद्धीची उणीव मात्र सुमारें निम्म्यांतच आढळते. म्हणजे उरलेल्या निम्म्यांची बुद्धि शाबूत असते, आणि ती आपणांस दिसत नाहीं, कारण ती प्रकट करण्याचीं साधनें, हात आणि जीभ, त्यांच्या ताब्यांत नसतात.

ह्या विकाराचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिट्ल ह्यांनीं. त्यांचा जन्म १८१० सालचा. लहानपणच्या आजारानें त्यांचा स्वतःचा डावा पाय वांकडा झाला होता. टाचेमागची ताठर कंडरा कातडीखालून कापून पाय सरळ करण्याची युक्ति जर्मनींत हॅनोव्हर येथें डॉ. स्ट्रोमायर ह्यांनीं काढली होती. १८३६ सालीं लिट्ल तेथें गेले, आपल्या पायावर ती शस्त्रक्रिया करवून घेतली, स्वतः ती शिकले, आणि लंडनला परतून पंगु रुग्णांसाठीं संस्था काढली. तेथें ताठर अंगाचीं अनेक मुलें त्यांच्याकडे येऊं लागलीं. त्यांच्या आयांना ते बाळंतपणाची हकीकत खोदून खोदून विचारीत. कोणाचें मूल अपुऱ्या दिवसांचें, कोणाची प्रसूति दीर्घकाळ अडलेली, कोणाचें बाळ जन्मतांच रडलें नव्हतें. हीं सारीं टिपणें १८६१ सालीं त्यांनीं लंडनच्या प्रसूतिवैद्यांच्या सभेपुढें ठेविलीं, आणि प्रसूतीच्या वेळीं मेंदूला झालेली इजा हेंच ह्या विकाराचें मूळ, असा सिद्धान्त मांडला. पुढें कित्येक वर्षें लोक ह्या विकाराला 'लिट्लचा रोग' असेंच म्हणत. १८८९ सालीं डॉ. विल्यम ऑस्लर ह्यांनीं १५१ रुग्णांचा अभ्यास पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला आणि सेरेब्रल पाल्सी हें नांव रूढ होण्यास मोठी मदत झाली.

लिट्ल ह्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्यांच्या सिद्धान्ताची एक काळी छाया शंभर वर्षें घरोघर पडली. मूल पंगु झालें कीं, दोष प्रसूतीचा. म्हणजे सुइणीचा, डॉक्टरच्या चिमट्याचा, आणि अखेर घरांत बोलून दाखवायचा तो आईचा.

ह्या मताला पहिला गंभीर आक्षेप घेणारा मनुष्य आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. मनोविश्लेषणाचे जनक म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें ते सिग्मंड फ्रॉइड पूर्वीं व्हिएन्ना येथें मज्जासंस्थेचे वैद्य होते आणि मुलांच्या पक्षाघातावर त्यांनीं मोठा ग्रंथ लिहिला होता. १८९७ सालच्या त्या ग्रंथांत त्यांनीं विचारलें कीं, कितीएक अवघड प्रसूतींतून मुलें सुखरूप बाहेर येतात, आणि सुलभ प्रसूतीचीं कितीएक पंगु निघतात, हें कसें? अवघड प्रसूति हें कारण नसून, गर्भांतच आधीं झालेल्या बिघाडाचें तें एक लक्षण तर नसेल? प्रश्न मार्मिक होता. पण त्या काळीं फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं.

ह्या वादाची खरी पारख होण्यास आणखी नव्वद वर्षें लागलीं. अमेरिकेंत १९५९ ते १९६६ ह्या काळांत पन्नास हजारांहून अधिक गर्भारपणांची बारीक नोंद ठेवून त्या मुलांवर सात वर्षांचीं होईपर्यंत लक्ष ठेवण्यांत आलें. त्या नोंदींचा निष्कर्ष डॉ. कॅरिन नेल्सन आणि त्यांचे सहकारी एलेनबर्ग ह्यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केला. प्रसूतीच्या वेळीं श्वास कोंडणें हें कारण थोड्याच मुलांना लागू पडत होतें. विकाराचीं मुख्य पूर्वचिन्हें बहुधा प्रसूतीच्या आधींचीं होतीं. दुसरा पुरावा व्यवहारानेंच दिला. पोट चिरून केल्या जाणाऱ्या प्रसूति पाश्चात्य देशांत अनेक पटींनीं वाढल्या, तरी विकाराचें प्रमाण त्या मानानें मुळींच उतरलें नाहीं. अलीकडच्या संशोधनानें असेंही दाखविलें आहे कीं, कांहीं मुलांत मूळ कारण गुणसूत्रांतील बदलांत असतें, आणि असे कित्येक बदल आईबापांत नसून मुलांतच नव्यानें उद्भवलेले असतात.

आज विद्वानांचें मत असें आहे कीं, कारण बहुधा एक नसतें. अपुरे दिवस, गर्भावरील जंतुसंसर्ग, गर्भाची खुंटलेली वाढ, जुळें गर्भारपण, गुणसूत्रांतील बदल, श्वास कोंडणें, कावीळ, अशा कड्यांची सांखळी जुळते. जेथें कुशल प्रसूतिसेवा पोहोंचत नाहीं तेथें श्वास कोंडणें आणि कावीळ ह्या कड्या अजूनही बळकट आहेत, हें आपल्या देशानें विसरतां कामा नये. परंतु तो दोष व्यवस्थेचा. अडलेल्या बाईचा नव्हे.

सांखळी म्हटली कीं एखादी कडी तोडतां येते. त्याचीं दोन उदाहरणें सांगतों.

पहिलें काविळीचें. नवजात बालकाची कावीळ फार वाढली तर तिचें पिवळें द्रव्य मेंदूच्या आंतल्या भागांत उतरतें आणि मूल वांचलें तरी हातपाय आपोआप वळूं लागतात. कित्येकदां बहिरेपणही येतें. १९५६ सालीं इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर वॉर्ड नांवाची परिचारिका अशक्त बाळांना उन्हांत अंगणांत नेत असे. एके दिवशीं तिनें डॉक्टरांना एक बाळ दाखविलें. त्याचें अंग फिकट झालें होतें, पण चादरीच्या कोपऱ्यानें झांकलेला तेवढा त्रिकोणी भाग पिवळाजर्द राहिला होता. त्या त्रिकोणावरून तेथील डॉक्टरांनीं प्रकाशाच्या दिव्याचा उपचार शोधून काढला आणि १९५८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९६८ च्या सुमारास, आई व बाळ ह्यांच्या रक्तगटांतील विरोधानें होणारी कावीळ टाळण्याची टोंचणीही आली. बाळाला कोवळ्या उन्हांत धरण्याची चाल आपल्याकडेही आहे. पण वाढलेली कावीळ त्यानें उतरत नाहीं. बाळ पिवळें दिसलें, दूध ओढीना, सुस्त पडलें, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

दुसरें उदाहरण एप्सम सॉल्टचें, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचें. गर्भारपणांतील झटक्यांवर हें स्वस्त औषध पूर्वींपासून टोंचीत असत. १९९५ सालीं डॉ. नेल्सन ह्यांच्याच लक्षांत आलें कीं, ज्या आयांना तें मिळालें होतें त्यांच्या फार लहान वजनाच्या मुलांत हा विकार कमी दिसतो. मग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें, आणि पुढें अमेरिकेंत, रीतसर चांचण्या झाल्या. त्यांवरून २००९ सालीं असा हिशेब निघाला कीं, फार अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीपूर्वीं ६३ आयांना हें औषध दिल्यास एक मूल ह्या विकारापासून वांचतें.

प्रत्येक उपाय सर्वत्र फळतो असें मात्र नाहीं. श्वास कोंडलेल्या बाळाचें शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्य देशांत उपयुक्त ठरला. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील रुग्णालयांत त्याची चांचणी झाली, आणि २०२१ सालीं निष्कर्ष आला कीं येथें त्यानें लाभ झाला नाहीं, उलट मृत्यु वाढले. परदेशचें औषध आपल्या भूमीवर पारखूनच घ्यावें, हा धडा ह्यांतून मिळतो.

आतां जें मूल ह्या विकारासह जन्मलें आहे त्याच्याकडे वळूं. पूर्वीं निदान वर्ष दोन वर्षें लांबणीवर पडे. "ह्याचा मामाही उशिरांच चालला," असें म्हणून घरचे वाट पाहत. ऑस्ट्रियाचे डॉ. प्रेख्टल ह्यांनीं तान्ह्या बाळांच्या सहज हालचालींचें निरीक्षण करण्यांत आयुष्य घालविलें. तीन ते पांच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या सर्वांगांत एक बारीक, अखंड चुळबूळ चालूं असते. ती नसेल तर धोका मोठा, हें त्यांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें. ही परीक्षा, वैद्याची तपासणी आणि मेंदूचें चित्र ह्यांच्या योगानें बहुधा सहा महिन्यांच्या आंत निदान होऊं शकतें, असें २०१७ सालीं तज्ज्ञांनीं जाहीर केलें. बाळ नऊ महिन्यांचें होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा वर्षाच्या आंतच एकच हात वापरीत असेल, तर वाट पाहत बसूं नये. आपल्याकडे अशा बालकांसाठीं २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं जिल्ह्याच्या ठिकाणीं केंद्रें उघडण्यांत आलीं आहेत.

उपचारांच्या कल्पनाही बदलल्या. दुसऱ्याच्या हातून मुलाचे अंग केवळ चोळून वा ताणून घेण्यापेक्षां, मुलानें स्वतः, त्याला हवी असलेली कृति, घरच्या घरीं पुन्हां पुन्हां करणें हें अधिक फलदायी ठरतें. चमचा धरायचा असेल तर चमच्याचाच सराव हवा. स्वीडनमध्यें १९९४ पासून अशा मुलांच्या खुब्यांची ठराविक काळानें क्ष-किरणांनीं तपासणी करतात आणि त्यामुळें खुबा निखळण्याचे प्रसंग जवळजवळ नाहींसे झाले. विकार समूळ नाहींसा करतों अशी जाहिरात करणाऱ्यांपासून मात्र दूर राहावें; तसा उपाय आज कोणापाशींही नाहीं.

शेवटची हकीकत मुंबईची. मिठू अलूर ह्यांची कन्या मालिनी हिला हा विकार होता. तिच्यासारख्यांना योग्य शाळा आपल्याकडे नव्हती. तेव्हां १९७२ सालीं अलूरबाईंनीं स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापून शाळा काढली. मालिनी चिब पुढें उच्च शिक्षण घेत्या झाल्या, आणि एका बोटानें अक्षरें टिपून त्यांनीं आपलें आत्मचरित्र लिहिलें. तें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. २०१६ च्या कायद्यानें तर ज्यांचें अपंगत्व ठराविक प्रमाणाचें आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेंत, किंवा पसंत असल्यास विशेष शाळेंत, विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे.

ही हकीकत वाचतांना माझ्या ध्यानांत एक गोष्ट आली. लिट्ल ह्यांनीं आयांना विचारलें, सिस्टर वॉर्डनें बाळाचें अंग निरखिलें, प्रेख्टल तासन्‌तास पाळण्यापाशीं बसले. जेथें कोणी मुलाकडे नीट पाहिलें तेथें ज्ञान पुढें गेलें. मीं त्या दुपारीं पाहिलें नाहीं. शाळेच्या दारीं आज असें मूल आलें, तर शिक्षकबंधूंनीं निदान त्याला पाढे विचारावेत आणि तो बोबडें बोलेल तें ऐकावें. आणि ज्या मातेला तो प्रश्न रात्रंदिवस छळीत असेल, तिला मीं तेव्हां न दिलेलें उत्तर आज देतों: बाई, तुमच्या हातून कांहीं चुकलें नाहीं.