इमारत-दुर्घटनांची चौकशी : कायदे व व्यवहार (पुणे)

इमारत, भिंत, स्लॅब किंवा धरण कोसळून माणसे मेली, की त्यामागची तांत्रिक कारणे शोधून पुढील बांधकामे सुरक्षित करण्यासाठी असलेल्या कायदेशीर तरतुदी व त्यांची पुणे परिसरातील अंमलबजावणी. या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदा भारतात नाही. फौजदारी, कामगार, महापालिका आणि चौकशी आयोगविषयक अशा निरनिराळ्या कायद्यांतील कलमांवर काम भागवले जाते. त्यांपैकी बहुतेकांचा रोख ‘दोषी कोण’ या प्रश्नावर आहे. ‘कशामुळे पडले’ हा प्रश्न खटल्याला लागेल तेवढाच विचारला जातो.

पानशेत. पुण्यातील सर्वांत मोठी चौकशी इमारतीची नव्हे, धरणाची झाली. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खाली असलेले, १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही फुटले आणि मुठेच्या काठचे जुने पुणे पाण्याखाली गेले. धरणातून पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचे काम पूर्ण होण्याआधीच पावसाळ्यात जलाशय भरला होता. विमोचकावरचा भराव खचू लागला, लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला, पण धरण वाचले नाही. राज्य शासनाने चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली न्या. बावडेकर यांचा आयोग नेमला. काम पुरे होण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि न्या. व्ही. ए. नाईक यांनी चौकशी पूर्ण केली.

या अधिनियमाखालील आयोगाला साक्षीदारांना बोलावण्याचे, शपथेवर जबानी घेण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. कलम ६ नुसार आयोगापुढे दिलेली जबानी, खोट्या साक्षीचा खटला सोडल्यास, साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. अभियंत्याने मोकळेपणाने बोलावे यासाठी याहून उपयुक्त तरतूद भारतीय कायद्यात शोधूनही सापडणार नाही. नंतरच्या दुरुस्तीनुसार अहवाल, त्यावरील कार्यवाहीच्या टिपणासह, सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. मात्र आयोग नेमायचा की नाही हे सरकार ठरवते (सभागृहाने तसा ठराव केल्यास नेमावाच लागतो), आणि शिफारशी बंधनकारक नसतात. निवृत्त न्यायमूर्ती, वकिलांची फौज आणि वर्षानुवर्षे चालणारे कामकाज असा हा खटाटोप असल्याने चार-पाच मजुरांच्या मृत्यूसाठी तो कोणी उभा करीत नाही.

धरणांच्या बाबतीत पुढे कायदा आला. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय समितीच्या कामांत धरणफुटीच्या कारणांचे विश्लेषण करून नियोजन, बांधकाम व देखभालीच्या पद्धतींत बदल सुचवणे हे स्पष्टपणे नमूद आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार प्रवासी गाडीच्या प्राणघातक अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे रेल्वेला आपल्याच चुकांचा न्यायनिवाडा करता येऊ नये. विमान अपघातांसाठीच्या नियमांत तर दोष ठरवणे हा तपासाचा हेतू नाही, असेच म्हटले आहे. घराचा स्लॅब पडून मेलेल्या माणसासाठी यांतले काहीच नाही.

पोलीस तपास. पुण्यात बांधकाम कोसळले की प्रथम अग्निशमन दल आणि, गरज पडल्यास, मावळातील सुदुंबरे येथे तळ असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पोहोचते. माणसे बाहेर काढणे हे पहिले काम, आणि ते तसेच असायला हवे. पण जेसीबीने राडारोडा हलवताना तुटलेला खांब कुठे होता, सळई कोणत्या जागी निसटली, सेंटरिंगचे टेकू कसे उभे होते, हा सारा पुरावाही हलतो. त्या ढिगाऱ्याचे छायाचित्रण व नमुने संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली जतन करावेत, असे कोणत्याही कायद्याने बांधून दिलेले नाही. पोलीस पंचनामा करतात आणि सदोष मनुष्यवध किंवा निष्काळजीपणाने मृत्यू यांचा गुन्हा नोंदवतात. दंड संहितेची कलमे ३०४ व ३०४-अ आता भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे १०५ व १०६ या कलमांत आली आहेत. जुन्या ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षे होती, ती नव्या संहितेत सर्वसाधारणपणे पाच वर्षे झाली. तांत्रिक मतासाठी पोलीस व महापालिका बहुधा शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाकडे वळतात. १८५४ पासूनच्या या संस्थेच्या प्राध्यापकांचे ज्ञान वादातीत आहे, पण त्यांना अधिकार नाहीत. मागितलेला आराखडा विकासकाने दिला नाही, तर प्राध्यापक समन्स काढू शकत नाहीत.

कोंढवा व इतर घटना. २९ जून २०१९ च्या पहाटे, मुसळधार पावसात, कोंढव्यातील एका वसाहतीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. लहान मुलांसह १५ जण मेले, बहुतेक बिहारमधले. जिल्हाधिकाऱ्यांनी समिती नेमली. भिंत एकाची, झोपड्या दुसऱ्याच्या आणि दोघांमधली जमीन पाण्याने भिजून जड झालेली. त्यामुळे ‘जबाबदार कोण’ याचा घोळ तिथूनच सुरू झाला. तीनच दिवसांत आंबेगाव बुद्रुक येथे दुसरी भिंत पडून सहा मजूर मेले. दोन्हीकडे तेच : पावसाळा, मातीचा दाब पेलणारी भिंत आणि तिच्या पायथ्याशी राहणारे कामगार. एका घटनेचा धडा दुसऱ्या ठिकाणी तीन दिवसांत पोहोचणे अवघडच होते. पण त्यानंतरही सर्व बांधकाम परवान्यांत भिंतीच्या निचऱ्याची तपासणी आणि तिच्यापासून मजूरवस्तीचे किमान अंतर यांविषयी काय बदलले, हे सामान्य पुणेकराला सांगता येणार नाही, कारण त्याला सांगणारी यंत्रणाच नाही.

त्याआधी २९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत उंच इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकताना तो कोसळून नऊ कामगार ठार झाले होते. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात शास्त्रीनगर भागात पायाच्या कामासाठी बांधलेली सळयांची जड जाळी अंगावर पडून पाच कामगार गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये तळजाई पठारावर कोसळलेली अनधिकृत इमारतही बांधकाम चालू असतानाच पडली. या यादीतले एकही बांधकाम जुने नव्हते.

कामगार कायदा. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ च्या कलम ३९ नुसार मृत्यू झाल्यास, किंवा ४८ तास वा त्याहून अधिक काळ कामावर येता येणार नाही अशी दुखापत झाल्यास, मालकाने अपघाताची सूचना देणे बंधनकारक होते. पाच किंवा अधिक मृत्यू असल्यास प्राधिकाऱ्याने महिन्याच्या आत चौकशी करायची. चारपर्यंत मृत्यू असल्यास चौकशी ऐच्छिक होती. खांबातल्या काँक्रीटचा दर्जा मृतांच्या संख्येवरून ठरत नाही, पण चौकशी मात्र ठरत होती! हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला आहे.

महापालिकेचे अधिकार. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक इमारत रिकामी करण्याची, दुरुस्त करण्याची किंवा पाडण्याची नोटीस देतात. कलम २६५-अ नुसार तीस वर्षे झालेल्या इमारतीची महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कसबा, शनिवार, नारायण या पेठांतल्या वाड्यांना नोटिसा लागतात. भाडेकरू हलत नाहीत, कारण एकदा बाहेर पडल्यावर परत जागा मिळेल याची खात्री कोणी देत नाही. आणि घरमालकांना वाडा पडण्याची घाई असते, असे भाडेकरूंचे म्हणणे. या दोन्ही गोष्टींत तथ्य असते. परंतु या तरतुदींचा सगळा भर वयावर आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळून १६ बळी घेणारी पाचमजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यातील शिळफाट्याला ७४ जणांचा जीव घेणारी इमारत तर बांधून पुरीही झाली नव्हती. तीस वर्षांचा नियम त्यांना लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या इमारतींसाठी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दिसलेला संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करण्याची अट आहे, पण ती ग्राहकाच्या तक्रारीवर चालते.

परदेशातील तरतूद. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळल्यानंतर अमेरिकेने ऑक्टोबर २००२ मध्ये राष्ट्रीय बांधकाम सुरक्षा पथक अधिनियम केला. मोठ्या जीवितहानीची इमारत-दुर्घटना घडल्यावर शक्यतो ४८ तासांत तज्ज्ञांचे पथक नेमायचे. पथकाला जागेत शिरण्याचा, पुरावा ताब्यात घेण्याचा, साक्षीदार बोलावण्याचा अधिकार. दोषी ठरवणे हे त्याचे काम नाही आणि त्याच्या अहवालाचा कोणताही भाग नुकसानभरपाईच्या दाव्यात वापरता येत नाही. अहवाल जाहीर करणे सक्तीचे असून त्यात बांधकाम संहितांतील बदलांच्या शिफारशी असाव्या लागतात. ऱ्होड आयलंडमधील नाइटक्लबची २००३ ची आग आणि फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २०२१ साली ९८ बळी घेणारी निवासी इमारत यांचा तपास याच कायद्याखाली हाती घेण्यात आला. पद्धत संथ आहे, सर्फसाइडच्या तपासाला वर्षे लागली. ब्रिटनने ग्रेनफेल मनोऱ्याच्या आगीनंतर (२०१७, ७२ मृत) २०२२ चा इमारत सुरक्षा अधिनियम करून उंच निवासी इमारतींतील गंभीर सुरक्षा-घटना नियामकाला कळवणे सक्तीचे केले.

महाराष्ट्रात असा कायदा करायला घटनात्मक अडथळा दिसत नाही : स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्यसूचीतला विषय आहे. अडचण अहवालांच्या वाटेत आहे. प्राध्यापकांचे मत पोलिसांकडे जाते, आरोपपत्राला जोडले जाते आणि खटला चालू असेपर्यंत तिथेच राहते. माहितीच्या अधिकारात मागितल्यास तपासात किंवा खटल्यात अडथळा येईल या कारणास्तव कलम ८(१)(ह) खाली नकार देता येतो. असे खटले दहा-दहा वर्षे चालतात. दरम्यान त्याच पद्धतीने सेंटरिंग लावणारा ठेकेदार हिंजवडी, वाघोली किंवा उंड्रीत पुढचे काम घेऊन मोकळा झालेला असतो.