मुदत संपलेला पासपोर्ट आणि परदेशातला भारतीय

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की हा इतिहासाचा विषय आहे की एजंटच्या दुकानातला? पासपोर्टची मुदत संपत आली की परदेशातला माणूस भारतीय वकिलातीकडे अर्ज करतो, फोटो देतो, फी भरतो आणि काही आठवड्यांनी नवी पुस्तिका हातात पडते. यात इतिहास कुठे आला?

आमचं म्हणणं असं, की सरकार आणि नागरिक यांचं नातं नेमकं काय आहे, हे जितकं या खिडकीवर कळतं तितकं इतर फार थोड्या ठिकाणी कळतं. कसं ते सांगतो.

समजा, पुण्यात राहणाऱ्या एखाद्याच्या पासपोर्टची मुदत संपली. काय बिघडतं? फारसं काही नाही. कपाटात पडून राहील, प्रवास ठरला की बघू. आता हीच गोष्ट दोह्यात किंवा शिकागोत राहणाऱ्याची घ्या. त्याचा राहण्याचा परवाना पासपोर्टवर टेकलेला, नोकरी परवान्यावर टेकलेली आणि घर, बँकेचं खातं, मुलांची शाळा हे सगळं नोकरीवर टेकलेलं. थोडक्यात, देशात पासपोर्ट नसला तर प्रवास अडतो, परदेशात नसला तर मुक्कामच अडचणीत येतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी जगातल्या बऱ्याच भागांत पासपोर्टशिवाय हिंडता येत असे. युद्धानं ते बदललं. हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारला त्या वेळी कुणाची भीती होती? अमेरिका-कॅनडातून परतणाऱ्या गदर चळवळीच्या माणसांची. म्हणून १९१४ मध्ये देशात येणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारा वटहुकूम निघाला आणि पुढे १९२० चा पासपोर्ट कायदा आला. या कायद्याची गंमत बघा. तो हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांबद्दल होता. पासपोर्ट कुणाला द्यायचा, कुणाला नाकारायचा, मुदत कुणाला वाढवून द्यायची, याबद्दल त्यात नियम नव्हते. ते सगळं सरकारच्या मर्जीवर. परदेशातला हिंदी माणूस म्हणजे दारात उभा असलेला संशयित, अशी त्यामागची दृष्टी होती.

त्याच सुमारास रशियात काय घडलं तेही पाहू. क्रांतीनंतर लाखो रशियन माणसं देश सोडून गेली होती. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारनं हुकूम काढला: जे पाच वर्षांहून अधिक काळ परदेशात आहेत आणि ठरावीक मुदतीत सोव्हिएत वकिलातीकडून पासपोर्ट घेणार नाहीत, त्यांचं नागरिकत्व संपलं. म्हणजे खिडकीवर न जाणं हाच गुन्हा आणि नागरिकत्व जाणं ही शिक्षा. या माणसांसाठी १९२२ मध्ये राष्ट्रसंघाच्या वतीनं नान्सेन पासपोर्ट सुरू झाला. त्याचं नूतनीकरण करताना पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट लावावं लागे आणि त्या पैशातून निर्वासितांना मदत होई. देश नसलेल्या माणसालाही नूतनीकरण चुकलं नव्हतं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये पत्नी आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तिथे दुकान चालवलं, १९२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून असलेलं नातं सोडलं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. बगाईंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यांना हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं होतं. अमेरिकेनं पासपोर्ट नाकारला आणि ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं सुचवलं. ज्या राज्याशी नातं तोडलं, त्याच्याच दाराशी पुन्हा हात पसरायचे? १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी या सगळ्याचा जाब विचारला होता आणि ते तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. कागद नाकारणं ही किरकोळ कारकुनी बाब नसते, हे सांगायला आम्ही हे उदाहरण घेतलं.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक, मक्यावर मोठं काम केलेले शास्त्रज्ञ. दिएगो रिव्हेरा या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं, इतका तिथे मान. देश स्वतंत्र झाला. आता घरी यायला काय हरकत? पण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि राज्य बदललं तरी यादी लगेच बदलली नव्हती. ती अडचण दूर होऊन ते अखेर नागपूरला आले आणि तिथेच १९६७ मध्ये वारले. सरकारं जातात, फाइली राहतात, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आणि १९६७ हेच वर्ष आपल्या विषयात महत्त्वाचं आहे. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं उलटली तरी पासपोर्ट देण्या-नाकारण्याबद्दल आपल्याकडे कायदाच नव्हता. सरकारची भूमिका जुनीच: पासपोर्ट ही सवलत आहे. तुमच्या पासपोर्टचं पहिलं पान उघडून बघा. त्यावरचा मजकूर तुम्हाला उद्देशून नाहीच. राष्ट्रपतींच्या नावानं इतर देशांना केलेली ती विनंती आहे, की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या. सरकार म्हणे, विनंती आमची, ती करायची की नाही हे आम्ही ठरवू.

सतवंतसिंग साहनी नावाच्या आयात-निर्यात करणाऱ्या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी निकाल लागला, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. सरन्यायाधीश सुब्बा राव बहुमतात होते. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. सरकारची धावपळ उडाली. आधी वटहुकूम आणि मग जूनमध्ये पासपोर्ट कायदा, १९६७. त्यात नाकारण्याची कारणं ठरली. पासपोर्ट नाकारला तर कारणं लेखी नोंदवायची आणि अर्जदारानं मागितली तर प्रत द्यायची, असं ठरलं. देशाच्या सुरक्षिततेसारखे अपवाद ठेवले. अपिलाची सोय झाली. मात्र पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता, हे कलमही तिथेच आहे.

मग १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘जनहितार्थ’ म्हणून मागवला गेला आणि कारणं देण्यास नकार मिळाला. २५ जानेवारी १९७८ चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही पहिल्या वर्षापासून वाचतात: नुसता कायदा असून चालत नाही, त्यातली पद्धत न्याय्य हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं.

इथं आम्हाला एक गोष्ट खटकते. साहनी काय किंवा मनेका गांधी काय, दोघंही देशात होते. वकील गाठता येत होता, दिल्लीत न्यायालयाची पायरी चढता येत होती. परदेशातल्या माणसाचं काय? या दोन निकालांच्या मधल्या काळात, आणीबाणीत, अमेरिकेत सरकारविरुद्ध बोलणाऱ्या काही भारतीयांचे पासपोर्ट सरकारनं रद्द केले. १९६७ चा कायदा तेव्हा होताच की! पण हक्क दिल्लीत आणि माणूस सातासमुद्रापार. सुरुवातीची तुलना आठवा. देशातल्याचा प्रवास थांबला असता, यांचा मुक्कामच धोक्यात आला. वकिलातीत मिळू शकणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं. ज्या सरकारला विरोध केला त्याच सरकारच्या हद्दीत एकतर्फी परतायचं, नाहीतर परक्या देशाकडे आसरा मागायचा, एवढीच निवड.

आज परिस्थिती खूप सुधारली आहे, हे मान्यच करायला हवं. जुन्या पासपोर्टात मुदतवाढीची वेगळी पानं असत. कुठल्या देशांत जाता येईल याच्या नोंदी असत आणि वर्णद्वेषी राजवटीच्या काळात दक्षिण आफ्रिका वगळलेली असे. मग मशीन आलं. हस्तलिखित पासपोर्ट जगभरात २४ नोव्हेंबर २०१५ पर्यंत बाद व्हायचे होते, म्हणून आखातात काय किंवा युरोपात काय, अनेकांना मुदत शिल्लक असूनही रांगेत उभं राहावं लागलं. ‘रिन्यूअल’ हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला, पण फॉर्मवर आता ‘रीइश्यू’ असतं. मुदत वाढत नाही, नवी पुस्तिका नव्या नंबरानं येते. म्हणजे दर दहा वर्षांनी सरकार तुम्हाला नव्यानं तपासून बघतं: नाव तेच का, पत्ता खरा का, खटला आहे का.

बहुतेकांचं काम बिनबोभाट होतं. पण एखाद्या रत्नागिरीच्या माणसाचा अर्ज पोलीस तपासणीच्या शेऱ्यासाठी अडकतो आणि तिकडे त्याच्या परवान्याची मुदत दिवसागणिक सरत जाते. त्याला कुणी नाकारलेलं नसतं, फक्त उत्तर आलेलं नसतं. नकाराला कारण मागता येतं, अपील करता येतं. विलंबाला काय करणार? आमच्या मते १९६७ आणि १९७८ नं अर्धवट सोडलेलं काम ते हेच आहे. उत्तराची मुदत ही देशातल्या माणसाची सोय असेल. परदेशातल्याच्या बाबतीत तोच त्याचा हक्क आहे, कारण त्याचं घड्याळ दुसऱ्या देशाच्या हातात असतं.

तेव्हा तुमच्यापैकी जे परदेशातून हे ऐकत आहेत, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. मुदत संपायच्या बरीच आधी अर्ज करा. आणि नकार आलाच, तर कारण लेखी मागा. ती मागणी म्हणजे उपकार नव्हे, कायद्यानं दिलेली गोष्ट आहे. बगाईंच्या आणि खानखोज्यांच्या हातात ती नव्हती.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.