स्टेशनवरच्या वजनकाट्याला तुमचं भविष्य कसं कळायचं?

नागपूर असो की मुंबई, रेल्वे स्टेशनवर गाडीला उशीर झाला की मुलांचा हट्ट ठरलेला: लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या वजनकाट्यावर चढायचं. फिरती चकती थांबली की नाणं टाकायचं. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य आणि बऱ्याचदा सिनेनटाचा फोटो.

भविष्य यंत्राला कळायचं कसं? कळायचंच नाही. ते तिकिटावर आधीच छापलेलं असायचं, यंत्र फक्त वजन उमटवायचं. मागचा माणूस आधी चढला असता, तर तुमचं भविष्य त्याला मिळालं असतं!

अमेरिकेतलं ‘मॅजिक एट बॉल’ हे खेळणंही असंच. गडद निळ्या द्रवात २० बाजूंचा ठोकळा तरंगतो. त्यावर १० उत्तरं होकाराची, ५ नकाराची, ५ गुळमुळीत. म्हणजे झुकतं माप होकारालाच.

‘तुम्ही मनाने उदार आहात’ छापाचं वाक्य मात्र आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचा ‘वैयक्तिक’ अहवाल दिला. सगळ्यांना मजकूर एकच. तरी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. फोरर यांनी तो मजकूर जमवला होता स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून.