लहरींचे पाणीवाटप

पाणी कोणाचे, हा प्रश्न आमच्या खानापूर तालुक्याला नवा नाही. विटा हे तालुक्याचे मुख्य गाव. येथली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी हिंदुस्थानभर पांगली, ती काही हौसेने नव्हे. पावसाने पाठ फिरवली म्हणून. १९८२ साली संपाने मुंबईच्या गिरण्या थंडावल्या. गावी परतलेल्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून या कोरडेपणाचे मूळ शोधायला घेतले. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. गावकऱ्यांनी उलटा हिशेब मांडला : थोडी वाळू आपणच विकावी आणि त्या पैशातून बांध घालावा. तांदुळवाडी-बलवडीचे बळीराजा स्मृती धरण असे उभे राहिले. त्याचे मोठेपण भिंतीत नाही, वाटपात आहे. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा!

हे सांगण्याचे कारण असे की, पाण्यासारखीच आणखी एक वस्तू आपल्या डोक्यावरून अष्टौप्रहर वाहत असते. ती म्हणजे बिनतारी लहर. तिचे दार मात्र सरकारच्या हाती. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन काढल्याचे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो या कायद्याला न जुमानताच. त्यासाठी त्यांनी तुरुंगही सोसला.

२००५ साली सरकारने लहरींचा एक लहानसा पट्टा परवान्यातून मोकळा केला. त्याआधीच परदेशात एक मौजेची गोष्ट घडली होती. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने घरगुती वापराचे एक स्वस्त बिनतारी यंत्र विकायला काढले. त्याच्या पोटात लिनक्स ही खुली आज्ञावली असल्याचे हौशी मंडळींनी हुडकून काढले. खुली आज्ञावली म्हणजे चकलीच्या भाजणीचे उघड सांगितलेले प्रमाण. कोणीही घ्यावे, सुधारावे. अट एवढीच की, आपली चकली दुसऱ्याला देताना प्रमाणही लपवू नये. कंपनीला आपली आज्ञावली खुली करावी लागली, आणि तीतून २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ जन्मली. घरातले खेळणे आता डोंगरापलीकडच्या गावाशी बोलू लागले.

अशीच यंत्रे २००५ मध्ये हिमाचलातल्या धरमशाळेस डोंगरउतारांवर बसली. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे निरोप पोचवीत त्यांनी तिबेटी निर्वासितांच्या शाळा-संस्था जोडल्या.

महाराष्ट्रात हे काम पालघरच्या आदिवासी भागात झाले. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, दूरदर्शनच्या लहरींच्या एका पट्ट्यात १५ वाहिन्यांना जागा आहे आणि देशात बहुतेक सर्वत्र त्यांतल्या किमान १२ रिकाम्या पडून आहेत. पडीक रानच म्हणा ना! या लहरी झाडीतूनही दूर जातात. खामलोली आणि आसपासच्या पाड्यांवर त्यांनी प्रयोग केला. कोठली वाहिनी रिकामी, हे सांगणारी नोंदवहीही खुल्या आज्ञावलीत लिहिली. परंतु परवाना होता तो प्रयोगापुरताच. म्हणून पुढे २५ गावे जोडताना दुसरा, मोकळा पट्टा वापरावा लागला. ‘ग्राममार्ग’ या नावाच्या या कामाला २०१७ साली मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. त्यातली मला भावलेली गोष्ट निराळीच. ग्रामपंचायत ही येथे गिऱ्हाईक नाही, भागीदार आहे. आणि यंत्राची देखभाल गावातल्याच माणसाने करायची आहे.

आता हातोहाती फोन आले, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. कंपनीचा मनोरा नफा दिसेल तेथेच उभा राहतो; दोन डोंगरांआडच्या वीस घरांसाठी कोण येणार? आणि आला, तरी तो मोडला म्हणजे गावाने नुसते आकाशाकडे पाहत बसायचे. या गावजाळ्यांचा पसारा लहान आहे, पैशाची ओढाताण आहे, हे खरे. बळीराजा धरणही लहानच आहे. पण दरवाजाची किल्ली एकदा गावाच्या हाती आली म्हणजे शेवटच्या घराचा वाटा कोणी विसरत नाही. विसरलाच, तर तो मागायला मुंबई-दिल्लीस जावे लागत नाही, चावडीवर मागता येतो.