क्रुमलोव्हच्या दफ्तरात

३० जून १४२०. तुमच्या हातात भाला दिला आहे, तो धरायचा कसा हे मात्र कुणी सांगितलेले नाही. समोर ताबोर आहे. चार महिन्यांपूर्वी इथे गाव नव्हते, आता टेकडीवर तट उभा आहे आणि आत हुसपंथी शेतकरी, विणकर, पाद्री, बायाबापड्या आहेत. तुमच्या बाजूच्या निशाणावर पाच पाकळ्यांचा तांबडा गुलाब आहे. त्या निशाणाचा धनी ओल्द्रिख रोझेंबर्क सतरा वर्षांचा आहे.

पंचाईत अशी, की परवापरवापर्यंत हा पोरगा स्वतःच हुसपंथी होता. बाप लवकर गेला, पालक मिळाला चेन्येक वार्टेनबेर्क, आणि तो तर एकाच वर्षात राजाकडून हुसपंथीयांकडे अन् परत राजाकडे फिरला. पाच वर्षांपूर्वी कॉन्स्टान्समध्ये धर्मसुधारक यान हुसला जिवंत जाळले, तेव्हापासून बोहेमियात प्रश्न एकच, तू कुणाचा? ओल्द्रिखने आता झिगिसमुंड राजाला हात दिला आहे. आणि पाठीमागून आरडाओरडा उठतो. प्रागहून ताबोरींचा सरदार, हुस गावचा मिकुलाश याची कुमक आली आहे, तटातूनही लोक बाहेर पडत आहेत. भाला टाका आणि पळा. बाकीचे तेच करत आहेत.

नोव्हेंबर आणखी वाईट. लुझनित्से नदीकाठचा प्रिबेनित्से हा घराण्याचा भक्कम किल्ला. तिथल्या बुरुजात कोंडलेल्या कोरांडा नावाच्या हुसपंथी पाद्र्याने सोबतच्या कैद्यांसह पहारेकऱ्यांनाच काबूत घेतले. ताबोरला निरोप गेला, किल्ला पडला. ओल्द्रिख त्याच महिन्यात ताबोरींचा सेनापती झिझ्का याच्याशी तह करतो. तरण्या पोराला एक गोष्ट कळली आहे, गाड्यांच्या कोटामागे उभ्या असलेल्या माणसांवर घोडेस्वार सोडून आपण श्रीमंत होणार नाही.

आता वीस वर्षे पुढे या. भाला गेला, हातात पीस आहे. तुम्ही चेस्की क्रुमलोव्हच्या गढीत कारकून आहात, खाली व्हल्टावा वळसा घालून वाहते आहे. मायफळ आणि हिराकसाच्या शाईने बोटे काळी झाली आहेत. खोलीत मेणाचा वास.

वर्षानुवर्षे काय झाले ते या खोलीतूनच नीट दिसते. राजाकडे लढायला पैसा नव्हता, म्हणून तो सरदारांकडे किल्ले आणि जमिनी गहाण टाकत गेला. मठ जळाले. १४२० मध्ये झ्लाता कोरुनाचा मठ जळाला, आणि तिथल्या जमिनींचा रखवालदार म्हणून आलेला ओल्द्रिख हळूहळू त्यांचा मालक झाला. १४३४ च्या मे महिन्यात लिपानीला ताबोरी फौजेचा चुराडा झाला, त्यांचा सेनापती प्रोकोप होली तिथेच पडला. पुढच्या वर्षी क्रेचला ओल्द्रिखच्या माणसांनी उरलेल्यांनाही हरवले. १४३७ मध्ये झिगिसमुंड मेला, दोन वर्षांत त्याचा जावई आल्ब्रेख्टही गेला, आणि गादी रिकामी पडली. रिकाम्या गादीच्या काळात सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती? जुनी सनद. जिच्यावर मेलेल्या राजाची मोहर आहे आणि जिला खोटे म्हणायला राजा उरलेला नाही.

म्हणून दार आतून लावून घेतले जाते. जुन्या पत्राची लोंबती मोहर सांभाळून सोडवायची, नवीन चर्मपत्राला जोडायची. तुम्ही मजकूर लिहिता, चौथ्या कार्लच्या नावाने, झिगिसमुंडच्या नावाने. हा गाव आमचा, तो किल्ला आमचा, आणि सरदारांच्या पंगतीत पहिला मान रोझेंबर्कांचा. अक्षर जुन्या वळणाचे काढायला वेळ लागतो. एकदा तर वंशावळच रोमच्या ओर्सिनी घराण्याला जाऊन भिडते. वर काम सांगणाऱ्या ओल्द्रिखच्या चेहऱ्यावर लाज कुठेच नाही. मला तर तो लढवय्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. निदान या खोलीत तरी त्याने देवाचे नाव घेऊन गावे जाळली नाहीत, शाईने भागवले.

सप्टेंबर १४४८ मध्ये बातमी येते, पोडेब्राडीच्या यिरीने एका रात्रीत प्राग घेतले. हा यिरी ओल्द्रिखपेक्षा वयाने सतरा वर्षांनी लहान, हुसपंथी, आणि सनदा रचण्याऐवजी माणसे जोडणारा. पुढे १४५८ मध्ये तोच राजा निवडला जाईल. रोझेंबर्कांच्या हाती दक्षिण बोहेमिया राहील, राजसत्ता नाही.

१४४९ मध्ये गढीत लग्न लागते. नवरी ओल्द्रिखची मुलगी पेर्ख्ता, नवरा मोराव्हियातल्या मिकुलोव्हचा यान लिख्टेनश्टाइन. थोड्याच दिवसांत तिची पत्रे यायला लागतात, बापाला, भावांना. नवरा छळतो, सासू वाईट वागवते, आणि माहेरने ठरलेला हुंडा पुरता दिलेला नाही. इतक्या सनदा रचलेल्या बापाला लेकीचा हुंडा मात्र पुरवता येत नाही. तुम्ही पत्रे वाचता, घडी घालता आणि गठ्ठ्यात ओवून ठेवता. पाच शतकांनंतर घराण्याचे दफ्तर त्रेबोनमध्ये आहे, आणि लोक ते उघडून आधी तिचीच पत्रे वाचतात.