लाकडी नंदी, कागदी बडगे आणि गल्लीतले दादा

नागपुरात एप्रिल संपत आला, पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला, की मुलांच्या दिवसभराच्या शिबिरांचे फलक लागतात. गोष्टी सांगणे, मातीकाम, कागदकाम. आणि हे सारे शिकवायला नुकतेच दहावी-बारावी झालेले ‘दादा’ आणि ‘ताई’. हा प्रकार नवा आहे, बाहेरून आला आहे, अशी समजूत बऱ्याच पालकांची असते. आम्हांला ती पटत नाही. मोठ्या मुलाने लहान मुलांना गोळा करावे, हातांना काम द्यावे आणि काम चालू असता गोष्ट सांगावी, ही रीत या शहराच्या जुन्या वस्त्यांत फार पूर्वीपासून आहे. तिला शिबिर हे नाव नव्हते, एवढेच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपदाच्या पाडव्याला, तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवतात, चाकांवर ओढत तोरणाखाली नेतात, मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. या प्रथेचे श्रेय परंपरेने दुसऱ्या रघुजी भोसल्यांना दिले जाते व तिचा आरंभ १८०६ सालचा सांगितला जातो. नंदी सुताराकडून येतो. पण शिंगांची बेगड, पाठीवरची झूल, गळ्यातली घुंगरे हे काम घरातल्या पोरांचे. कोणाचा नंदी केवढा, यावरून घरची ऐपतही गल्लीला कळते. तान्हा पोळा सर्वांचा असला, तरी सर्वांचा सारखा कधीच नव्हता.

त्याच दिवशी इतवारी-बुधवारीच्या रस्त्यांवरून मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची मानली जाते. या दोन मोठ्या मूर्तींची जबाबदारी जाणत्या माणसांकडे असते. परंतु त्यांच्यासोबत निघणारे बडगे हे पुष्कळदा पोरासोरांचे शिल्प. बांबूच्या कमच्या, तणस, जुनी पोती, रद्दी आणि खळ यांतून माणसाच्या आकाराचा एक ओंगळ, हास्यास्पद पुतळा उभा राहतो. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, त्या वर्षी लोकांच्या मनात सलणारे जे असेल ते त्याच्या गळ्यात पाटीवर लिहिले जाते. सांगाडा बांधतो गल्लीतला मिसरूड फुटू लागलेला दादा. कागद चिकटवायला बसतात सात-आठ वर्षांची पोरे. हा कोण, याचे नाक एवढे लांब का, याला जाळायचे कशासाठी, हे प्रश्न खळ लावता लावता विचारले जातात आणि दादा उत्तरे देतो. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला उपरोध म्हणतो, त्याचा पहिला धडा त्यांना इथे मिळतो.

या शहरापासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर, वर्ध्यात, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी हातकामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणणारी परिषद भरली. पुढे झाकीर हुसेन समितीने जे वेळापत्रक आखले, त्यात साडेपाच तासांच्या दिवसापैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला होती आणि मातृभाषेला चाळीस मिनिटे. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च भागावा या कल्पनेला के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध केला होता. सेवाग्रामच्या प्रयोगाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र तिथे काढलेल्या सुताचा हिशेब ठेवावा लागे. बडगा संध्याकाळी जळून जातो. ज्यातून काही विकायचे नाही, काही उरायचेही नाही, अशा कामाजवळ गोष्ट अधिक मोकळेपणाने बसते, असे आम्हांला वाटते.

तरीही या गोष्टींकडे भाबडेपणाने पाहता येत नाही. दादा जे सांगतो ते खरे असतेच असे नाही. काळी मारबत ही बाकाबाईची, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बाकाबाई ही त्याच रघुजीची राणी. म्हणजे एकाच दिवशी, एकाच शहरात, नवरा मुलांचा लाडका राजा म्हणून आठवला जातो आणि बायको फितूर म्हणून जाळली जाते. आरोपाला आधार नाही असे नव्हे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले; अल्पवयीन तिसऱ्या रघुजीच्या नावाने चाललेल्या कारभारात इंग्रजांच्या संमतीने बाकाबाईला स्थान मिळाले; १८५७ मध्येही ती कंपनीच्या बाजूने राहिली. १८५८ मध्ये ती वारली. काळी मारबत प्रथम निघाली तेव्हा या मृत्यूला तेवीसच वर्षे झाली होती. तिला पाहिलेले लोक शहरात तेव्हा हयात असणार.

पण मधली एक गोष्ट गल्लीत कोणी सांगत नाही. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. त्या निर्णयाविरुद्ध दाद मागणाऱ्या राण्यांत बाकाबाई प्रमुख होती. कंपनीने राजवाड्यातले जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला पाठवले. हत्ती, घोडे आणि बैल यांचा लिलाव सीताबर्डीत झाला. जिने इंग्रजांना साथ दिली म्हणून तिचा पुतळा जळतो, तिचेच घर इंग्रजांनी असे धुऊन नेले.

पुतळ्याला एकच चेहरा लागतो. कमच्या आणि कागद यांतून दुहेरी माणूस उभा करणे अवघड. गोष्टीतून मात्र ते जमते. शिबिरातल्या कोण्या ताईने यंदा मुलांसमोर लाकडी नंदी ठेवला, तर रघुजीच्या तान्ह्या पोळ्यासोबत तिने सीताबर्डीच्या बाजारात बोली लागलेले ते राजवाड्याचे खरे बैलही सांगावेत. त्यांचा बडगा अजून कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.