टोपीतील चिठ्ठी आणि निनावी दप्तर

नावे गाळून इतिहास जपता येतो का? मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघटनेपुढे हा पेच होता.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ती जन्मली. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये तिच्यावर लेख आला. वर्षारंभी सुमारे २,००० असलेले सदस्य वर्षअखेर ८,००० झाले. एवढा व्याप संस्थापकांनी किती काळ वाहायचा?

१९५१ साली न्यूयॉर्कला पहिली सेवा परिषद भरली. तिच्यासाठी प्रदेशागणिक प्रतिनिधी निवडले जात. मुदत दोन वर्षांची, मानधन शून्य. निवडीची रीत मोठी विलक्षण. वारंवार मतदान करूनही कोणालाच दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत, तर आघाडीच्या उमेदवारांची नावे टोपीत घालून चिठ्ठी काढायची! चोळकालीन उत्तरमेरूरच्या ग्रामसभेतील घटातल्या चिठ्ठ्या आठवाव्यात. दैवाने हरलेल्याला रुसायला जागाच उरत नाही.

मात्र सेवेकरी बदलत राहिले की कागदपत्रेही घरोघरी विखुरतात. १९४७ पासून कार्यालयात असलेल्या, स्वतः मद्यासक्त नसलेल्या नेल विंग यांनी पत्रे व इतिवृत्ते जपली. नोव्हेंबर १९७५ मध्ये अभिलेखागार खुले झाले. पुढे अनेक प्रदेशांतही दप्तर सांभाळणारे सेवेकरी आले. न्यूयॉर्कच्या अभिलेखागारात येणाऱ्या अभ्यासकाला आजही एक अट पाळावी लागते: सदस्याची ओळख उघड करायची नाही, तो हयात नसला तरीही.